अकोल्याचं जुनं हायस्कूल, महाजनी मास्तर आणि आपल्या शाळांचा न लिहिलेला इतिहास

अकोल्यात जिल्हा परिषदेचं आगरकर विद्यालय आहे. इंग्रजांच्या काळात निघालेलं सरकारी हायस्कूल तेच हे. गोपाळ गणेश आगरकर याच शाळेतून मॅट्रिक झाले, म्हणून पुढे शाळेला त्यांचं नाव मिळालं. आगरकरांना पुढे जायला ज्यांनी हात दिला, त्या विष्णू मोरेश्वर महाजनी या मास्तरांचं नाव मात्र आज अकोल्यातही फार थोड्यांना ठाऊक आहे.

विद्यार्थ्याचं नाव राहतं आणि मास्तरचं विसरलं जातं, ही गोष्ट सगळीकडचीच. तरी महाजनींबद्दल निदान लिहिलं गेलं आहे. अमरावती, अकोला, अचलपूर, बाळापूर, पातूर इथल्या उर्दू हायस्कूलांत तीस-पस्तीस वर्षं शिकवून रिटायर झालेल्या आपल्या उस्तादांबद्दल एक कागदसुद्धा सापडत नाही. या लेखात आधी अकोल्याच्या हायस्कूलाची आणि महाजनींची माहिती आहे. त्यानंतर मुस्लिम मुलांच्या हायस्कूल शिक्षणाचा वऱ्हाडातला प्रवास, आणि शेवटी आपल्या शाळेचा इतिहास जमवायचा तर सुरुवात कुठून करायची, ते दिलं आहे. हा इतिहास निव्वळ आठवणींसाठी नाही. त्याच्याशी आपल्या मुलांचे दाखले आणि जात पडताळणीची कागदपत्रंही जोडलेली आहेत.

वऱ्हाडात हायस्कूल आलं कसं

वऱ्हाड हा निजामाचा मुलूख. १८५३ च्या करारानं त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. कागदोपत्री मालकी निजामाची, पण राज्य चालवायचे हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखालचे इंग्रज अधिकारी. १९०२ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतला गेला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडण्यात आला. त्या प्रांताचं नाव पुढे सी. पी. अँड बेरार म्हणून सगळ्यांच्या तोंडी बसलं.

हे इथे सांगायचं कारण असं की राज्य बदललं तशी दप्तराची भाषाही बदलली. निजामाच्या अमलात दरबारी कामकाज फारसीत चालायचं. काजी, मुन्शी, दप्तरदार यांच्या घरात मुलांना फारसी शिकवणं म्हणजे रोजगाराची सोय होती. मशिदीला लागून असलेल्या मकतबात कुरआन आणि पुढे घरी किंवा उस्तादाकडे फारसी, अशी तालीम चालायची. इंग्रजी अमलात खालच्या कचेऱ्यांचं काम मराठीत आणि वरचं इंग्रजीत गेलं. ज्या घरांची रोजी फारसीवर होती, त्यांच्या हातातली विद्या एका पिढीत बिनकामाची झाली.

त्याच सुमारास वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध होतं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, त्यामुळे वऱ्हाडी कापसाला भाव आला. पाठोपाठ जी. आय. पी. रेल्वेची लाईन भुसावळहून अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. रेल्वे, जिनिंग, महसूल, कोर्ट, सगळीकडे इंग्रजी-मराठी जाणणारी माणसं लागू लागली. वऱ्हाडात शिक्षण खातं १८६६ मध्ये उभं राहिलं आणि अकोला व अमरावती या दोन गावांत सरकारी हायस्कूलं चालू झाली. पुढची कित्येक वर्षं साऱ्या वऱ्हाडातल्या मुलाला मॅट्रिकपर्यंत शिकायचं म्हणजे या दोनपैकी एक गाव गाठावं लागायचं. खेड्यातून आलेला मुलगा नातेवाइकाकडे राहायचा, नाहीतर कुणाच्या घरी वार लावून जेवायचा.

महाजनी मास्तर

विष्णू मोरेश्वर महाजनी यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८५१ चा, पुण्याचा. पुण्यातच शिकून ते एम. ए. झाले. त्या काळी एम. ए. झालेला माणूस साऱ्या प्रांतात बोटावर मोजण्याइतका. अशा माणसाला पुण्या-मुंबईत चांगली जागा मिळणं अवघड नव्हतं. महाजनी मात्र वऱ्हाडच्या शिक्षण खात्यात आले, अकोल्याच्या हायस्कूलात मास्तर आणि हेडमास्तर राहिले, पुढे खात्यात वरच्या अधिकारापर्यंत चढले. त्यांची सगळी उमर वऱ्हाडच्या शिक्षणात गेली. १६ फेब्रुवारी १९२३ रोजी त्यांचं निधन झालं.

शाळेच्या कामाबरोबर त्यांचं लिहिणंही चालू होतं. शेक्सपिअरची नाटकं मराठीत आणणाऱ्या पहिल्या पिढीतले ते एक. ‘सिंबेलीन’ या नाटकावरून त्यांनी १८७९ मध्ये ‘तारा’ लिहिलं. ‘द विंटर्स टेल’चं त्यांनी ‘मोहविलसित’ केलं आणि ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’चं ‘वल्लभानुनय’. इंग्रजी कवितांचीही त्यांनी मराठी रूपांतरं केली. १९०७ मध्ये पुण्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पुढे १९१२ मध्ये हे संमेलन खुद्द अकोल्यात भरलं, त्याचे अध्यक्ष हरी नारायण आपटे होते. शाळा येण्याआधी जे कापसाच्या बाजाराचं गाव होतं, तिथे पन्नास वर्षांच्या आत मराठीतले मोठे लेखक जमले. यात त्या हायस्कूलाचा वाटा किती, हे मोजून सांगता येणार नाही, पण लिहिणारी-वाचणारी पिढी तिथूनच तयार झाली.

आगरकर अकोल्यात आले तेव्हा

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कराडजवळच्या टेंभूचा. घरची गरिबी होती. आजोळी कराडला थोडं शिक्षण झालं, मग शाळा सुटली. मामलेदार कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं, शिकायला मिळेल म्हणून रत्नागिरीपर्यंत पायी जाऊन आले. कुठेच जम बसेना. शेवटी नातेवाईक अकोल्याला होते, त्यांच्या आधारानं ते इथे आले आणि हायस्कूलात दाखल झाले.

शाळेत त्यांना महाजनी भेटले. दोघांच्या वयात फरक पाचच वर्षांचा. विद्यार्थी हुशार, पण पोटाची चिंता मागे, आणि स्वभाव तापट. अशा मुलाला मास्तरनं एकदा टोचून बोलावं आणि त्यानं उलट, मीही तुमच्यासारखा एम. ए. होऊन दाखवीन म्हणावं, अशी हकीकत दोघांबद्दल सांगितली जाते. पुढे घडलं ते मात्र नक्की आहे. आगरकर १८७५ मध्ये अकोल्याहून मॅट्रिक झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जायला पैसे नव्हते, तेव्हा महाजनींनी त्यांना मदत केली. अकोल्यात असतानाच त्यांनी ‘वऱ्हाड समाचार’ या तिथल्या वर्तमानपत्रात लिहायला सुरुवात केली होती.

आगरकर बी. ए. झाले, एम. ए. सुद्धा झाले. मोठ्या पगाराची नोकरी आपण धरणार नाही, पोटापुरतं मिळवून बाकी आयुष्य लोकांच्या कामात घालवणार, असं त्यांनी आईला पत्रानं कळवलं, हे सर्वांना माहीत आहे. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकर. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात. १८८८ मध्ये स्वतःचं ‘सुधारक’. १८९२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपल. आणि १७ जून १८९५ रोजी, चाळिशीच्या आतच, मृत्यू. त्यांनी ‘हॅम्लेट’चं मराठी रूपांतर केलं, त्याचं नाव ‘विकारविलसित’. मास्तरांच्या ‘मोहविलसित’शेजारी हे नाव ठेवून पाहा. मास्तर काय वाचतो आणि काय लिहितो, यावर मुलांचं लक्ष असतं, ते असं.

एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आगरकरांना अकोल्यात मिळालेल्या मदतीत चमत्कार नव्हता. गावात हायस्कूल होतं, राहायला नातेवाइकाचं घर होतं, लिहायला एक वर्तमानपत्र होतं, आणि मुलाकडे लक्ष देणारा, गाव सोडून न जाणारा एक मास्तर होता. या चार गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे गरिबाचं पोर पुढे जातं. यातली एक नसली तरी अडतं.

मुस्लिम मुलं कुठे होती

या हायस्कूलांचे दरवाजे कायद्यानं सगळ्यांना उघडे होते. तरी मुस्लिम मुलं तिथपर्यंत फार कमी पोचायची. हा प्रश्न एकट्या वऱ्हाडचा नव्हता. १८८२ मध्ये सरकारनं नेमलेल्या हंटर आयोगानं मुस्लिमांच्या शिक्षणाचा वेगळा विचार केला आणि शिफारशी केल्या. मुस्लिम मुलांच्या प्राथमिक शाळांना उत्तेजन द्यावं, खालच्या वर्गात हिंदुस्तानीतून म्हणजे उर्दूतून शिकवावं, शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, मुस्लिम शिक्षक तयार करण्याची सोय करावी, तपासणीला मुस्लिम अधिकारी नेमावेत, अशा त्या होत्या.

अडचण नेमकी कुठे होती ते या शिफारशींवरूनच कळतं. वऱ्हाडातल्या मुस्लिम घरात उर्दू किंवा दखनी वळणाची बोली, बाजारात वऱ्हाडी मराठी, मकतबात अरबी अक्षरं, आणि हायस्कूलात इंग्रजी. मुलाला पाचवी-सहावीपर्यंत चार लिप्यांशी झुंजावं लागायचं. त्यात घरी विणकाम, बागवानी, कसाबकाम, पिंजारकाम अशी हाताची कामं. दहा-बारा वर्षांचा मुलगा म्हणजे कमावणारे दोन हात. शाळेत फी नसली तरी हे दोन हात गमावणं हीच मोठी फी होती.

अलीगढला सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये मदरसा काढला, त्याचंच पुढे कॉलेज आणि युनिव्हर्सिटी झाली. त्या चळवळीचा आवाज आपल्याकडेही पोचला. तिथूनच निघालेल्या मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचं अधिवेशन डिसेंबर १९१० मध्ये नागपूरला भरलं होतं. कुरआनचं इंग्रजी भाषांतर करणारे अब्दुल्ला युसुफ अली त्याचे अध्यक्ष होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या मुस्लिम शिक्षणाचा प्रश्न त्यामुळे देशापुढे आला. इंग्रजांच्याच काळात अमरावतीला मुस्लिम मुलांसाठी सरकारी मोहमेडन हायस्कूल चालू झालं. खेड्यापाड्यातली मुलं तिथे शिकायला यायची. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघालं आणि त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालं, ज्याला आज आपण व्ही. एम. व्ही. म्हणतो. त्यामुळे मॅट्रिकनंतर पुणे, नागपूर किंवा अलीगढ गाठण्याची सक्ती संपली.

स्वातंत्र्यानंतरची शाळा

१९४७ नंतर शिकलेली काही कुटुंबं हैदराबादला, काही पाकिस्तानात गेली. मागे राहिलेल्यांत कारागीर, छोटे दुकानदार, शेतकरी आणि मजूर जास्त. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या सरकारी शाळा त्यांच्याकडे गेल्या. संविधानाच्या कलम ३० नं अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला, आणि कलम ३५० क नं प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांवर सोपवली. या आधारावर अंजुमन आणि एज्युकेशन सोसायट्यांनी वऱ्हाडात उर्दू हायस्कूलं उभी केली.

या शाळा कशा उभ्या राहिल्या हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायची गरज नाही. मोहल्ल्यातल्या चार माणसांनी वर्गणी काढायची, कुणी जागा द्यायची, कुणी टिनपत्रे. सुरुवातीला भाड्याच्या घरात आठवीचा एक वर्ग, दर वर्षी एक वर्ग वाढवत दहावी. मान्यता मिळाली तरी अनुदान लगेच नाही, त्यामुळे मास्तरांना पहिली काही वर्षं अर्ध्या पगारावर किंवा पगाराविना काढावी लागायची. अशा वेळी जो शाळा सोडून गेला नाही, तोच पुढे त्या शाळेचा ‘सर’ झाला. गणित-विज्ञान उर्दूतून शिकवायचं तर पुस्तकं वेळेवर मिळत नसत. मग हेच सर मराठी किंवा इंग्रजी पुस्तक समोर ठेवून फळ्यावर उर्दूत उतरवायचे.

मराठी शिकवणाऱ्या मास्तरांचं काम तर आणखी अवघड. घरात उर्दू बोलणाऱ्या मुलाला दहावीला मराठीत पास करायचं. पोलीस भरती, तलाठी, एस. टी. कंडक्टर, बँक, कुठल्याही नोकरीला मराठी लागतंच. आज जी मुस्लिम कुटुंबं ही माहिती मराठीत वाचू शकतात, त्यातल्या अनेकांना हे मराठी कुणीतरी उर्दू शाळेतल्याच मास्तरानं किंवा बाईंनी शिकवलेलं आहे. आणि ज्या घरातली पहिली मुलगी दहावी झाली, त्या घरी बहुतेक वेळा एखाद्या आपांनी किंवा सरांनी येऊन वालिदना समजावलेलं असतं, की पोरीला अजून एक वर्ष शिकू द्या.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे अकोला जिल्ह्यात जवळपास पाचातला एक माणूस मुस्लिम आहे. एवढ्या मोठ्या समाजाला शिकवणाऱ्यांची नावं कुठेच लिहिलेली नसावीत, ही कमी भरून काढण्यासारखी आहे.

शाळेचं दप्तर म्हणजे घरचा कागद

शाळेच्या इतिहासाचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे जनरल रजिस्टर. आपल्याकडे त्याला दाखल-खारीज म्हणतात. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म-जात, आधीची शाळा, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख त्यात असते. हे रजिस्टर शाळेनं कायमचं जपायचं असतं. शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टी. सी., यातूनच निघतो.

मुस्लिम ओबीसी कुटुंबांसाठी याचं महत्त्व फार आहे. मोमीन, अन्सारी, पिंजारी, मन्सुरी, बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, कुरेशी अशा जमातींच्या मुलांना जात प्रमाणपत्र आणि पुढे पडताळणी लागते. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, तर विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा विचारला जातो. मुलाचे दादा-परदादा ज्या शाळेत चार वर्ग शिकले, तिथलं दाखल-खारीज हा त्यासाठीचा सगळ्यात जवळचा कागद.

इथे एक नेहमीची अडचण येते. जुन्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात अनेकदा नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. नाव सांगायला आलेल्या बापानं जात सांगितली नाही, लिहिणाऱ्यानं विचारली नाही. अशा वेळी एकाच नोंदीवर थांबू नये. दादांचे भाऊ, चुलते, आत्या यांच्या नोंदी शोधाव्यात. एखाद्या भावाच्या नोंदीत धंद्याचं किंवा जमातीचं नाव सापडतं. कोतवाल बुक, जन्म-मृत्यू नोंदी, खरेदीखत हेही पाहावं. ज्या काळी मास्तर मुलांना नावानिशी ओळखायचा, त्या काळच्या नोंदी जास्त नेमक्या असतात, हा अनुभव शोधणाऱ्यांना येतो.

आपल्या शाळेचा इतिहास कसा जमवावा

हे काम एका माणसाचं नाही, पण चार माजी विद्यार्थी मिळून एका वर्षात पुष्कळ करू शकतात. सुरुवात पुढील गोष्टींपासून करावी.

१) शाळेची पहिली तारीख ठरवा. लोकांच्या बोलण्यात साल पुढेमागे होतं. दाखल-खारीजमधला पहिला क्रमांक, शाळेचं मान्यतेचं पत्र, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, हे तीन कागद पाहून साल लिहावं. तिन्ही सालं वेगळी निघाली तर तिन्ही लिहावीत, कारण वर्ग भरणं, संस्था नोंदणं आणि मान्यता मिळणं या वेगवेगळ्या घटना आहेत.

२) मास्तरांची यादी करा. शिक्षक हजेरीपट, पगारपत्रक आणि सेवापुस्तिकेत रुजू झाल्याची व निवृत्तीची तारीख असते. चपराशी, क्लार्क आणि पाणी भरणाऱ्या बाई यांची नावंही सोडू नयेत. शाळा त्यांनीही चालवलेली असते.

३) जुने लोक हयात आहेत तोवर भेटा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. ‘सर कसे होते’ असं विचारलं की सगळे ‘फार चांगले होते’ एवढंच म्हणतात. त्याऐवजी विचारा: पहिल्या दिवशी वर्ग कुठे भरला, बेंच होते की टाटपट्टी, सर कुठे राहायचे, शाळेत कशानं यायचे, कोणता धडा हमखास शिकवायचे, फी भरता आली नाही तर काय व्हायचं, कोणाला मार बसला आणि का. अशा प्रश्नांतून माणूस उभा राहतो.

४) एकाच माणसाच्या सांगण्यावर विसंबू नका. एक गोष्ट दोघांकडून आली, किंवा तिला कागदाचा आधार मिळाला, तर ती माहिती म्हणून लिहा. नाहीतर ‘असं सांगतात’ म्हणून लिहा. मरहूम माणसाबद्दल लिहिताना त्यांच्या घरच्यांना दाखवून मगच छापावं.

५) ग्रुप फोटो शोधा. दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो बहुतेक घरांत असतो. मागे पेन्सिलनं साल आणि ओळीनं नावं लिहा. शाईचं पेन वापरू नका, ते पुढून उमटतं.

६) जुन्या रजिस्टरांचे फोटो काढा, हेडमास्तरांची परवानगी घेऊन. उजेड खिडकीचा असावा, फ्लॅश नको. लॅमिनेशन करू नका, कागद आत सडतो आणि पुन्हा सोडवता येत नाही. वाळवी आणि ओल हे दोन दुश्मन आहेत, म्हणून रजिस्टर जमिनीपासून वर, भिंतीला न टेकता ठेवायला सांगा. काढलेले फोटो कुटुंबांच्या खासगी माहितीचे असतात, ते ग्रुपवर टाकू नयेत.

७) लिपी वाचणारा माणूस गाठा. जुन्या नोंदी मोडीत किंवा उर्दूच्या शिकस्ता वळणात असू शकतात. घरातल्या जुन्या कागदांवर हिजरी किंवा फसली साल असतं. दख्खनच्या फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो.

शाळेकडून प्रतिसाद मिळाला नाही तर अनुदानित शाळेत माहिती अधिकाराखाली अर्ज करता येतो. पण बहुतेक ठिकाणी त्याची गरज पडत नाही. माजी विद्यार्थी चहा प्यायला गेला आणि म्हणाला की जुनं रजिस्टर बांधून देतो, तर हेडमास्तर कपाट उघडतात.

नाव कुणाचं राहतं

अकोल्याच्या हायस्कूलाला आगरकरांचं नाव आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या शाळेची गोष्ट पुरी सांगायची तर महाजनींशिवाय सांगता येत नाही, आणि ती आज सांगता येते ती लोकांनी लिहून ठेवलं म्हणून. आगरकरांचं चरित्र लिहिणाऱ्यांनी अकोल्याचं पान गाळलं नाही, त्यामुळे मास्तरही सापडले.

आपल्या उर्दू शाळांतून डॉक्टर, वकील, इंजिनिअर, शिक्षक, नगरसेवक, अधिकारी झालेले आहेत. त्यांच्या सत्काराच्या बातम्या येतात, हार-तुऱ्यांचे फोटो येतात. त्या बातमीत एक ओळ वाढवायला काहीच खर्च नाही: हे कोणत्या शाळेत शिकले, आणि तिथे त्यांना कुणी शिकवलं. संस्थांच्या वार्षिक अहवालात, स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत, शाळेच्या भिंतीवर रिटायर झालेल्या मास्तरांची नावं आणि सेवेची वर्षं लिहिता येतात. शाळेचं दाखल-खारीज बांधून ठेवायला लागणारा खर्च एका दावतच्या खर्चापेक्षा कमी आहे.

सत्तरच्या दशकात रुजू झालेले मास्तर आज ऐंशीच्या आसपास आहेत. अकोल्याच्या, अमरावतीच्या मोहल्ल्यांत ते संध्याकाळी असरनंतर दुकानाच्या फळीवर बसलेले दिसतात, आणि पन्नाशीतला माणूसही सायकलवरून उतरून त्यांना सलाम करतो. त्यांना विचारायच्या गोष्टी विचारायला अजून वेळ आहे, पण फार नाही.